नऊ नंबरचा नवरा

२०२१च्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याच्या डोक्यात बेसबॉल शिरला. तिथपर्यंत माझी हरकत नव्हती. दीड वर्ष माणूस पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून काम करत होता आणि पोट टेबलाला टेकायला लागलं होतं. कुठे तरी जाऊन धावला तर बरंच, असं मी म्हटलं. माझी हरकत सुरू झाली ती बॅगेपाशी.

डब्लिनच्या क्लोनडॉकिनमध्ये आमच्या शेजारच्या घरात एक निवृत्त प्लंबर राहतो. तरुणपणी तो बरीच वर्षं बॉस्टनला होता आणि येताना बेसबॉल घेऊन आला. आदल्या वर्षी टाळेबंदी सैल झाल्यावर त्याने आमच्या वसाहतीतली माणसं गोळा करून संघ काढला आणि स्वतः कॅप्टन झाला. निम्मे आयरिश, निम्मे क्रिकेट क्लबात जागा न मिळालेले आपले आयटीवाले. संघाची एक मोठी बॅग होती. तिच्यात कॅचरचं, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं सामान असायचं: मुखवटा, छातीचं चिलखत, पायाचे पॅड आणि भाकरीएवढा चामड्याचा हातमोजा. जो कॅचर होईल तो तेच घालायचा, त्यात घाम गाळायचा, पावसात भिजायचा आणि काढून बॅगेत कोंबायचा. वरून कोविड म्हणून प्रत्येक जण त्यावर सॅनिटायझर मारायचा. त्या वासाला मला अजून शब्द सापडलेला नाही.

आदल्या हिवाळ्यात ही बॅग कॅप्टनच्या घरी होती. वसंत ऋतूत त्याच्या बायकोने सांगितलं, ही राहील किंवा मी राहीन. म्हणून त्याने संघाचा नियम केला: हंगामाच्या शेवटी ज्याच्या नावावर एकही हिट नसेल, म्हणजे जो एकदाही चेंडू मारून मैदानाच्या कोपऱ्यावरचा पहिला बेस सुखरूप गाठू शकला नसेल, त्याने हिवाळाभर बॅग घरी ठेवायची. कोरड्या, उबदार जागी, नाहीतर बुरशी येते.

आता आमच्या घरात कोरडी, उबदार जागा एकच आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवती जे कपाट असतं ते हॉट प्रेस. आयरिश लोक त्यात टॉवेल ठेवतात. मी त्यात इडलीचं पीठ आंबवते. रीतसर नोंदणी करून दर शुक्रवारी डब्लिनभरच्या आपल्या लोकांना पीठ विकणं हा माझा धंदा आहे, आणि ते कपाट म्हणजे माझा कारखाना. त्या पिठाशेजारी ती बॅग हिवाळाभर ठेवायची म्हणजे धंदा बंद करणं.

"तू काळजी करू नकोस," नवरा म्हणाला. "एक हिट म्हणजे काय गं? कॉलेजमध्ये मी ओपनिंगला जायचो."

म्हणून मी काळजी करायला लागले.

पहिल्या सामन्याला मी आणि सासूबाई घडीच्या खुर्च्या घेऊन गेलो. सासूबाई अमरावतीच्या. २०२०च्या सुरुवातीला तीन महिन्यांसाठी आल्या, विमानं बंद झाली, आणि तेव्हापासून त्या आमच्याकडेच होत्या. आयर्लंडबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं: "सूर्य हाये, पण कामावर येत नाही." जुलैतही कानटोपी, स्वेटर आणि मांडीवर चिवड्याचा डबा.

मी पिठाच्या ऑर्डरी लिहीत बसले होते. कॅप्टनने माझ्या हातात पेन्सिल पाहिली, स्कोअरचं पुस्तक आणून दिलं आणि म्हणाला, "तू लिहितेसच, तर हेही लिही." सोबत नियमांची जाडी प्रत दिली. मला नियम वाचायला आवडतात. घरात मिक्सरचं माहितीपत्रक वाचलेली मी एकटीच आहे.

पण असले नियम मी कधी वाचले नव्हते. तीनदा चेंडू हुकला की फलंदाज बाद आणि पुस्तकात K. तिसरा चेंडू बॅट न हलवता नुसता बघितला, तर K उलटा लिहायचा. नवऱ्याच्या रांगेत पहिल्या तीन सामन्यांत सगळे K उलटेच पडले. कारण त्याचं क्रिकेट. चेंडू जरा बाहेरून येताना दिसला की हा बॅट खांद्यावर उचलून, मान वळवून, मोठ्या रुबाबात तो सोडून द्यायचा. कसोटीत पाचव्या दिवशी सामना वाचवायला आल्यासारखा. मागून अंपायर स्ट्राइक, म्हणजे हुकला, म्हणायचा.

"हे काहून उलटं लिवलं?" सासूबाईंनी वाकून विचारलं.

"नुसतं उभं राहून बाद झाला की उलटं लिहायचं असतं, आई."

"अन् त्याचं कोणतंच सुलटं नाही?"

"नाही."

"लहानपणी चालाले लागला तोही उशिराच," त्या म्हणाल्या आणि चिवडा पुढे केला.

एकदा तिसरा चेंडू त्याने खरोखर बॅट फिरवून हुकवला. म्हणजे बाद. पण तो चेंडू कॅचरच्या हातून सुटला, आणि नियम असा की मग बाद झालेला माणूस पहिल्या बेसकडे पळू शकतो. पोचला तर पोचला. बाद तर बाद, तरी आत! सगळा संघ ओरडत होता, पळ, पळ. आमचा माणूस बॅट काखेत मारून, हातमोजे काढत, मान खाली घालून पॅव्हिलियनकडे निघाला होता. पॅव्हिलियन नव्हतंच. तो सरळ आमच्या खुर्च्यांपर्यंत आला.

"सगळे ओरडतायत कशाला?" त्याने विचारलं.

"तुम्ही बाद नव्हता."

"होतो की. स्वच्छ हुकला."

"हुकला, बाद झालात, पण पळू शकत होतात."

"असं कसं? बाद म्हणजे बाद. माणसाला काही लाज असते की नाही?"

मैदानाच्या कडेने रोज कुत्रा फिरवणारा एक म्हातारा यायचा. तो दर वेळी थांबून कॅप्टनला विचारायचा, "हे राउंडर्सच ना? आम्ही शाळेत खेळायचो." राउंडर्स हा इथला शाळकरी पोरांचा बॅट-चेंडूचा खेळ, म्हणून कॅप्टन दर वेळी लाल व्हायचा आणि नाही म्हणून सांगायचा. म्हातारा म्हणायचा, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे बरं, बरं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारायचा.

सासूबाईंना खेळात रस नव्हता, पण नियमांत आला. रात्री पोळ्या लाटताना मी वाचून दाखवायचे आणि त्या निकाल द्यायच्या. बलिदान नावाचा प्रकार आहे. आपण बाद होऊन पुढच्या माणसाला एक बेस सरकवायचं, आणि ते करणाऱ्याची खेळी हिशेबात धरतच नाहीत. "म्हंजे घरातल्या बायकांचं काम," सासूबाई म्हणाल्या. पळणाऱ्याने बेस चोरला, पण समोरच्या संघाने त्याला अडवायची तसदीच घेतली नाही, तर ती चोरीही धरत नाहीत. उदासीनता असं लिहितात. "आमच्याकडे पोलीस तसंच लिवते."

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम होता चुकांबद्दलचा. चेंडू हातातून सुटला की क्षेत्ररक्षकाच्या नावावर एरर, म्हणजे चूक लागते. ती लावायची की नाही हे स्कोअररने ठरवायचं. साध्या, नेहमीच्या प्रयत्नात जमलं असतं का, एवढंच बघायचं. मात्र नुसता गोंधळून उभा राहिला, काय करावं सुचलंच नाही, तर ती डोक्यातली चूक, आणि डोक्यातल्या चुकीला एरर नाही. त्यामुळे जो जिवाच्या आकांताने पळून चेंडूला हात लावतो आणि तो सुटतो, त्याला एरर. जो मुळात हललाच नाही, त्याचं पान स्वच्छ.

सासूबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "म्हंजे हात लावला तं चूक. बसून राह्यला तं चूक नाही?"

"तसंच."

दोघींनी पुढच्या खोलीकडे बघितलं. त्या दिवशी सकाळी त्याच्यापासून तीन हातांवर दूध उतू गेलं होतं आणि तो कॉलवर आहे असं खुणेने सांगत बसून होता.

"एरर नाही," मी म्हटलं.

"अजिबात नाही. पोट्टा साफ हाये माया."

तेव्हापासून आमचं घरातही स्कोअरिंग सुरू झालं. मैदानावर प्रत्येक जागेला नंबर असतो, आणि नवरा उजवीकडे अगदी लांब उभा असायचा, जिथे चेंडू फारसा येत नाही. त्या जागेचा नंबर नऊ. कचऱ्याचा डबा बाहेर न्यायचा राहिला, नऊ नंबर, एरर नाही. वाळत घातलेले कपडे पावसात भिजले, नऊ नंबर खिडकीतून बघत होता, एरर नाही. माझ्या नावावर मात्र रोज दोन-चार. करपलेली फोडणी, फुटलेली बशी, चुकीच्या घरी गेलेलं पीठ. सासूबाई पक्षपात करत नसत. "लिव," म्हणायच्या. "तुया हातून सुटली, लिव."

एकदा तर त्याला काही न करता श्रेयही मिळालं. दुसऱ्या बेसचा माणूस उशिरा आला म्हणून कॅप्टनने नवऱ्याला तिथे उभं केलं. समोरच्या संघातल्या एकाने चेंडू मारला तो त्यांच्याच पळणाऱ्या माणसाच्या पोटरीवर बसला. असं झालं की पळणारा बाद, आणि त्याला बाद केल्याचं श्रेय जवळात जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला. जवळात जवळ आमचे हे होते, बुटाची नाडी बांधत. मी नियमाप्रमाणे लिहिलं. घरी येताना तो दोनदा म्हणाला, "तसा मी जागेवर बरोबर होतो."

हिट मात्र होईना. पुण्याचा एक तरुण इंजिनिअर संघात होता, त्याच्या बॅटच्या मुठीला चेंडू लागून गवतात पडला तीही हिट धरली गेली. ऑगस्ट सरता सरता नवरा सोडून सगळ्यांच्या नावावर निदान एक हिट होती. मी हॉट प्रेसमधली फळी मोजून पाहिली. बॅग आडवी बसत होती. पीठ बसत नव्हतं.

शेवटचा सामना पोर्टलीश या लांबच्या गावच्या संघाशी होता. शेवटचा डाव, बरोबरी, आम्हाला जिंकायला एक धाव हवी. आमचा एक जण बाद झालेला. तिसऱ्या बेसवर आमच्या गल्लीतला लाल केसांचा इलेक्ट्रिशियन, पहिल्या बेसवर तो पुण्याचा इंजिनिअर, आणि बॅट घेऊन निघाला माझा नवरा. जाताना खुर्च्यांजवळ थांबला.

"टेन्शन आलंय," म्हणाला.

"सोडू नका काही. दिसला की मारा," मी म्हटलं.

"बाहेरचा असेल तर?"

"बाहेरचाही मारा. काही सोडायचं नाही."

"अन् नाही लागला तं तिकडूनच बॅग उचलून थेट विमानतळावर जा," सासूबाई म्हणाल्या.

पहिला चेंडू त्याने सोडला. सवय ती सवय. कॅप्टनने टोपी तोंडावर ओढली. दुसऱ्या चेंडूला त्याने पाय पुढे टाकला, कोपर वर केलं आणि सरळ कव्हर ड्राइव्ह मारला. असा सुंदर फटका त्या मैदानाने बघितला नसेल. चेंडू गवतावरून सणसणत पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून गेला आणि उजवीकडच्या लांबच्या क्षेत्ररक्षकाकडे पोचला. हिट. निर्विवाद हिट. माझी पेन्सिल कागदाला टेकली होती.

आणि नवऱ्याने हात वर केला. पंजा उघडा, समोर धरलेला.

"नकोऽऽ!" तो गरजला. "थांब! नको!"

चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाकडे गेला की धाव काढायची नाही, हे पंचवीस वर्षांचं क्रिकेट त्याच्या अंगातून बोललं. आता बेसबॉलमध्ये चेंडू मारला की पळावंच लागतं, आणि मारणारा पहिल्या बेसवर येणार म्हणून तिथल्याला ती जागा सोडून दुसऱ्याकडे जावंच लागतं. पण तो पुण्याचा इंजिनिअरही गल्लीत क्रिकेट खेळूनच मोठा झालेला. "नको" कानावर पडल्याबरोबर त्याचे पाय जागच्या जागी वळले. तो परत पहिल्या बेसवर जाऊन, वाकून, हात टेकून उभा राहिला. "बरं," म्हणाला.

तिसऱ्या बेसवरच्या इलेक्ट्रिशियनला मराठी येत नव्हतं. तो पळाला आणि घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी असलेल्या शेवटच्या बेसवर, पोचला. आमची धाव झाली.

झाली खरी, पण अजून टिकायची होती. हे दोघं तसेच उभे राहून दोन्हीकडे बाद झाले असते तर तीन बाद होऊन डाव संपला असता आणि धाव रद्द. सगळं मैदान ओरडत होतं. स्कोअररने तटस्थ राहायचं असतं, असं नियमात पहिल्याच पानावर आहे. मी खुर्चीवर उभी राहिले.

"अहो, पळा!"

"पय ना बे!" सासूबाईंचा आवाज पोर्टलीशपर्यंत गेला असेल. "पय, पोट्ट्या, पय!"

तो दचकला आणि पळाला, बॅट हातात घेऊनच. तो अंगावर येताना पाहून इंजिनिअरला एकदम उमगलं आणि तो दुसऱ्या बेसकडे सुटला. तोवर क्षेत्ररक्षकाने चेंडू तिकडे फेकला होता. इंजिनिअर बाद. पहिल्या बेसवरच्या गड्याने बॅट येताना पाहून बाजूला उडी मारली, आणि माझ्या नवऱ्याने आडवं पडत, बॅट लांब करून, बेसवर टेकवली; इथे बॅट धरत नाहीत, पण मागोमाग घसरत हातही टेकला. पोटापर्यंत चिखल. मग मान वर करून लेग अंपायर शोधायला लागला.

सुरक्षित. धाव मंजूर. आम्ही जिंकलो.

त्याला खांद्यावर घ्यायचा विचार झाला, पण वजन बघून सगळ्यांनी पाठच थोपटली. मग एकेक जण माझ्या खुर्चीभोवती जमायला लागला, कारण आता बॅगेचा निकाल होता. नवरा पुढे आला, कानात चिखल.

"लिही," तो म्हणाला. "हिट."

मी नियमांची प्रत उघडली होती. उघडायची गरज नव्हती, मला ते पान पाठ होतं.

"हिट नाही," मी म्हटलं.

"काय?"

"तुमच्या फटक्यावर पुढच्या बेसला जाणं भाग असलेला माणूस बाद झाला, तर मारणाऱ्याला हिट मिळत नाही. फटका कितीही चांगला असो. जिंकणारी धाव तुमच्या खात्यावर लिहिली आहे. हिट शून्य."

"मी सामना जिंकून दिला!"

"दिलात."

"हिट न मारता?"

"पुस्तकाप्रमाणे, हो."

"अगं, तू माझी बायको आहेस!"

"आत्ता स्कोअरर आहे. बायको घरी गेल्यावर."

कॅप्टनने घसा साफ केला. जवळ येऊन म्हणाला, की बघ बाई, शेवटी पेन्सिल तुझ्या हातात आहे, कुणी तक्रार करणार नाही. पोर्टलीशवाल्यांनीही माना डोलावल्या. त्यांना घरी जायचं होतं. आणि त्या मैदानावर ती हिट सगळ्यांनाच हवी होती, पण माझ्याइतकी कुणालाच हवी नव्हती. डोळ्यांपुढे हॉट प्रेस होतं, पिठाची भांडी होती, शुक्रवारच्या ऑर्डरी होत्या. पण मी आख्खा उन्हाळा बेरजा जुळवल्या होत्या. या पुस्तकात प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही बाजूंचा ताळा करावा लागतो, आणि माझा एकदाही चुकला नव्हता. तो मी एका बॅगेसाठी बिघडवणार नव्हते.

"शून्य," मी म्हटलं आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"तूच ना 'बरं' म्हणालास!" नवरा इंजिनिअरवर उखडला.

"काका, कॉल तुमचा होता," इंजिनिअर म्हणाला. "स्ट्रायकर समोर बघतोय, कॉल त्याचाच. मी काय करणार?"

"कॉलाले मान दिला पोराने," सासूबाई म्हणाल्या. "वळण चांगलं हाये."

कुत्रेवाला म्हातारा केव्हाचा उभा राहून ऐकत होता. "राउंडर्समध्ये धरली असती," तो म्हणाला. या वेळी कॅप्टन लाल झाला नाही.

बॅग नवऱ्यानेच खांद्यावर घरी आणली. दारातच सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि हात आडवा केला. हे थेट वरच्या न्हाणीघरात जाईल, धुतल्याशिवाय घरात दुसरीकडे कुठे ठेवायचं नाही, आणि ज्याची बॅग त्याने धुवायचं. मी पीठ वाटायला निघून गेले. वरून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता, मग मशीनचा. मला वाटलं, चला, चिलखत आणि पॅड गेले मशीनमध्ये, शहाणा झाला.

मशीन थांबल्यावर त्याने मला वर बोलावलं. त्याने सगळंच घातलं होतं, साठ डिग्रीवर. मुखवट्यात अडकलेला एक पॅड, आणि तो भाकरीएवढा चामड्याचा हातमोजा, जो आता शंकरपाळ्याएवढा नसला तरी त्याच वाटेवर होता. तो उचलून दाखवताना त्याच्या हातून सुटला आणि फरशीवर टक्क वाजला.

सासूबाईही माझ्या मागोमाग वर आल्या होत्या.

"साध्या प्रयत्नात जमलं असतं?" सासूबाईंनी मला विचारलं.

"लेबल वाचलं असतं तर जमलं असतं."

"हात लावला ना त्यानं?"

"लावला."

"मंग लिव."

मी खाली जाऊन पुस्तक आणलं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं: नऊ नंबर, एरर, एक. नवरा माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे प्रयत्न धरला ना?" तो म्हणाला.

नवीन हातमोजा त्याने स्वतःच्या पैशाने मागवून दिला. धुतलेल्या बॅगेला वास उरला नव्हता, तरी पिठाशेजारी मी ती ठेवू दिली नाही. ती त्याच्या टेबलाखाली गेली, हीटरला लागून. हिवाळाभर कॉलवर बसल्या बसल्या तो तिच्यावर पाय ठेवायचा. कोरडी राहिली, उबदार राहिली. बुरशी आली नाही. एरर नाही.